‘पोट साफ होत नाही’ म्हणजे नेमके काय होते?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पोटाच्या तक्रारी नेहमीच जास्त असतात, आणि त्यांपैकी बहुतेक पत्रांत एक वाक्य हमखास असते : ‘पोट साफ होत नाही.’ दवाखान्यातही मी हे वाक्य रोज ऐकतो. मात्र दोन-चार प्रश्न विचारले की त्याच्या आत वेगवेगळे आजार दडलेले सापडतात. एकाला आठवड्यातून दोनदाच शौचाला होते आणि तेही कुंथून. दुसऱ्याला दिवसातून चार वेळा जावे लागते, पण प्रत्येक वेळी काहीतरी मागे उरल्यासारखे वाटते. तिसऱ्याला रोज सकाळी व्यवस्थित होते, तक्रार असते ती पोट जड राहण्याची. तिघेही ‘साफ होत नाही’ असेच म्हणतात, तिघेही औषधाच्या दुकानातून एकच चूर्ण घेतात, आणि त्यांपैकी दुसऱ्याचा त्रास त्या चूर्णाने वाढतो. या अंकासाठी निवडलेली पत्रे ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’, म्हणजेच आयबीएस, या विकाराशी संबंधित आहेत. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ३४ आहे. मी बदलापूरहून मुंबईला रोज लोकलने नोकरीसाठी जातो. दोन वर्षांपासून सकाळचा चहा घेतला की बेंबीच्या खाली कळ येते, शौचाला गेल्यावर बरे वाटते. न्याहारीनंतर पुन्हा जावे लागते आणि निघताना पायात चपला घातल्या की तिसऱ्यांदा. पहिल्यांदा घट्ट होते, नंतर पातळ, कधी कधी त्यात पांढरट चिकट आव दिसते. लोकलमध्ये शौचालय नसते, त्यामुळे गाडीत चढल्यापासून धास्ती असते. कोणत्या स्टेशनावर कोणत्या टोकाला शौचालय आहे, हे मला पाठ झाले आहे. रविवारी त्रास जवळजवळ नसतो. रक्त, शौच, सोनोग्राफी, दुर्बिणीची तपासणी असे सगळे करून झाले आणि सगळे नॉर्मल आले. डॉक्टर म्हणतात, ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका.’ काहीच नसेल तर दुखते कशामुळे?

उत्तर : आपला शेवटचा प्रश्न रास्त आहे. ‘काही नाही’ या उत्तराचा अर्थ ‘या तपासण्यांत दिसण्यासारखे काही नाही’ एवढाच घ्यावा. सोनोग्राफी आणि दुर्बीण अवयवाची ठेवण दाखवतात : सूज, जखम, गाठ. आतड्याची हालचाल कशी होते आणि त्या हालचालीची जाणीव मेंदूपर्यंत किती तीव्रतेने पोहोचते, हे त्यांत दिसत नाही. आयबीएसमध्ये बिघाड नेमका तेथे असतो. म्हणूनच या विकाराला आता ‘आतडे आणि मेंदू यांच्यातील संवादाचा विकार’ म्हटले जाते.

हे शब्द ऐकायला पोकळ वाटतात, पण त्यामागे प्रयोग आहेत. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात छोटा फुगा ठेवून तो हळूहळू फुगवला असता, ज्या आकाराला इतरांना केवळ दाब जाणवतो त्याच आकाराला आयबीएसच्या पुष्कळ रुग्णांना वेदना होतात, हे १९७३ पासून वारंवार दिसून आले आहे. म्हणजे वायू तेवढाच, आतड्याचा ताण तेवढाच, पण जाणीव कितीतरी तीव्र. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचे स्वतःचे मोठे जाळे असते, आणि शरीरातील सेरोटोनिन या रासायनिक दूतापैकी ९० टक्क्यांहून अधिक आतड्यातच असते. परीक्षेच्या दिवशी पोटात गोळा येतो तो याच तारांमधून. आपल्या बाबतीत ती परीक्षा रोज सकाळी सहा पन्नासच्या गाडीला असते, एवढेच.

आता आपल्या तक्रारींकडे एकेक करून पाहू, कारण त्या फार बोलक्या आहेत. चहानंतर लगेच कळ येणे ही स्वाभाविक क्रियेचीच वाढलेली पायरी आहे. जठरात काही पडले की मोठ्या आतड्याला जोराने आकुंचन पावण्याचा इशारा जातो, आणि रात्रभर शांत असलेले आतडे सकाळी तसेही जागे होत असते. ही क्रिया सर्वांमध्ये होते. आपल्यात ती कळ घेऊन येते. पहिल्यांदा घट्ट आणि नंतर पातळ होण्याचेही कारण आहे. खालच्या टोकाला रात्रभर थांबलेल्या मळातले पाणी शोषले गेलेले असते, त्यामागचा माल मात्र घाईने ढकलला जातो, त्यामुळे तो मऊ वा पातळ असतो. पांढरट आव म्हणजे आतड्याचा नेहमीचाच श्लेष्मा, आतडे चाळवले की तो अधिक पाझरतो. त्यात रक्त मिसळलेले नसेल, तर केवळ आव दिसली म्हणून जंतूंवरची औषधे घ्यायची नसतात.

आयबीएसचे निदान जगभर ज्या ‘रोम निकषां’नी होते, त्यांची चौथी आवृत्ती २०१६ साली आली. तिच्यानुसार गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस पोटात दुखलेले असावे आणि त्या दुखण्याचा पुढील तीनपैकी निदान दोन गोष्टींशी संबंध असावा : शौचाची क्रिया, शौचाच्या वेळांत झालेला बदल, आणि मळाच्या स्वरूपात झालेला बदल. शिवाय हा त्रास निदानाच्या आधी किमान सहा महिने सुरू झालेला असावा. यातला मुख्य शब्द ‘दुखणे’ हा आहे. दुखत नसेल, नुसतेच जुलाब किंवा नुसतेच बद्धकोष्ठ असेल, तर त्याला आयबीएस म्हणत नाहीत. आपल्या पत्रात तिन्ही गोष्टी आहेत, दोन वर्षांपासून आहेत, आणि धोक्याची एकही खूण नाही. निदानाबाबत मला शंका वाटत नाही.

उपाय म्हणाल, तर पहिला अगदी घरगुती आहे. गजर अर्धा तास आधीचा लावा. तीन वेळा जावे लागणार हे ठाऊक असताना दोन वेळांपुरताच वेळ ठेवणे, ही त्या धास्तीची सुरुवात आहे. दुधाचा चहा कमी करून पाहा, पंधरा दिवस पूर्ण बंद केला तर आणखी चांगले, कारण त्यातील दूध आणि चहा दोन्ही आतड्याला चाळवू शकतात. पुढच्या भेटीत डॉक्टरांना लोपेरामाइडबद्दल विचारा. प्रवासापूर्वी किंवा महत्त्वाच्या बैठकीपूर्वी घेतलेली एक गोळी आतड्याची घाई कमी करते, आणि ती खिशात आहे या भरवशानेही पुष्कळांचा निम्मा त्रास जातो. पोटातली कळ थांबवण्यासाठी मेबेव्हेरिन किंवा पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूलचाही उपयोग होतो. दुर्बिणीची तपासणी मात्र पुन्हा करू नका.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. वय ६१, राहणार सातारा जिल्हा. आयुष्यभर पोटाची तक्रार नव्हती. चार महिन्यांपासून पोट साफ होत नाही, मळ बारीक होतो, कधी रात्री पोटात दुखून जाग येते. वजन सहा किलोने उतरले आहे, हिमोग्लोबिन ९.२ आहे. मोबाइलवर वाचले त्यावरून हा आयबीएस असावा असे वाटते. कोणते पथ्य पाळावे?

उत्तर : गुरुजी, आपल्या पत्राला अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखे नव्हते, म्हणून आपल्याशी त्याच दिवशी फोनवर बोललो. इतर वाचकांसाठी येथे लिहीत आहे. हा आयबीएस समजून पथ्य पाळत बसणे धोक्याचे आहे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, वजनातील घट, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे दुखणे, या चारही गोष्टी आयबीएसच्या चित्रात बसत नाहीत. आयबीएसची माणसे दिवसभर हैराण असतात, पण पोटदुखीने त्यांची झोप सहसा मोडत नाही. अशा वेळी मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, विनाविलंब करावी लागते. निघेल ते साधेच असेल अशी आशा आहे, परंतु कर्करोग नाही याची खात्री आधी व्हायला हवी.

शौचातून रक्त पडणे, सततचा बारीक ताप, पोटाला हात लावला असता लागणारी गाठ, आणि सख्ख्या नात्यात कोणाला आतड्याचा कर्करोग, दीर्घकाळ टिकणारा आतड्याचा दाह किंवा सिलिअ‍ॅक रोग (गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याच्या अस्तराला होणारी इजा) असणे, याही तितक्याच महत्त्वाच्या खुणा आहेत. रक्त दिसले की ‘मूळव्याध असेल’ असे आपणच ठरवून मोकळे होणे, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. मूळव्याध असेलही, पण ते डॉक्टरांनी तपासून सांगावे. आपल्या देशात आतड्याचा क्षयरोगही विसरून चालत नाही. लहान आणि मोठे आतडे जेथे मिळतात तेथे, म्हणजे उजव्या बाजूला खाली, तो बहुधा बस्तान मांडतो, आणि सुरुवातीला पोटदुखी व कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ अशीच त्याची लक्षणे असतात. ताप आणि वजन उतरणे जोडीला असते, म्हणून या दोन गोष्टी प्रत्येक रुग्णाला विचाराव्या लागतात.

प्रश्न : मी २९ वर्षांची गृहिणी आहे, सांगलीत राहते. मला दोन-तीन दिवस शौचाला होत नाही, झाले तर खडे होतात आणि खूप कुंथावे लागते. पोट सकाळी सपाट असते, संध्याकाळी इतके फुगते की सलवारीची नाडी सैल करावी लागते. डाव्या बाजूला खाली दुखते, झाले की थोडे बरे वाटते. पाळीच्या दिवसांत सगळेच वाढते. सासूबाई म्हणतात, वाताची प्रकृती आहे. आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत, तेव्हा पोट खरोखर बरे असते. उपवासाच्या दिवशी मात्र काही वेळा फारच फुगते. याचा अर्थ काय? आता मला काहीही खायची भीती वाटू लागली आहे.

उत्तर : ताई, आपण चातुर्मासाची नोंद केली, हे फार चांगले केले. अनेक महागड्या चाचण्यांमधून इतकी उपयुक्त माहिती मिळत नाही. आपली लक्षणे बद्धकोष्ठ प्रकारच्या आयबीएसची आहेत. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे तयार झालेला मळाच्या स्वरूपाचा एक तक्ता १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला, तो माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवलेला असतो. त्यात सात चित्रे आहेत : पहिले सुट्या खड्यांचे, दुसरे खड्यांच्या घट्ट गोळ्याचे, तिसरे-चौथे सर्वसाधारण, आणि सहावे-सातवे पातळ. सांगायला संकोचणाऱ्या बायका त्यातल्या चित्रावर मुकाट्याने बोट ठेवतात आणि काम होते. बहुतेक वेळा पहिले-दुसरे चित्र असेल तर बद्धकोष्ठ प्रकार, सहावे-सातवे असेल तर जुलाब प्रकार, आणि दोन्ही आलटून पालटून असतील तर मिश्र प्रकार. औषधे या प्रकारांवरूनच ठरतात, म्हणून ‘साफ होत नाही’ एवढ्यावर भागत नाही. दिवसातून किती वेळा होते याला आपल्या देशात फार महत्त्व देऊन चालत नाही, कारण भारतातील निरोगी माणूस बहुधा रोज एकदा तरी शौचाला जातोच. पाश्चात्त्य पुस्तकांतील ‘आठवड्यातून तीनपेक्षा कमी’ ही बद्धकोष्ठाची व्याख्या आपल्याकडच्या पुष्कळ रुग्णांना लागू पडत नाही. रोज जाऊनही ते खडे आणि कुंथणे यांनी त्रासलेले असतात.

आता कांदा-लसणाविषयी. या दोहोंत आणि गव्हात फ्रुक्टान नावाची साखळीसारखी साखर असते. ती पचवण्याचे पाचकद्रव्य कोणाही माणसाच्या आतड्यात नसते, त्यामुळे ती जशीच्या तशी मोठ्या आतड्यात पोहोचते, तेथील जिवाणू तिला आंबवतात आणि वायू तयार होतो. आपल्या सासूबाईंच्या पोटातही तो होतच असणार, पण त्यांचे आतडे त्याची दखल घेत नाही, आपले घेते. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी अशा आंबणाऱ्या शर्करांना ‘फॉडमॅप’ हे नाव दिले आणि त्या कमी असलेला आहार आयबीएसमध्ये गुणकारी ठरतो, हे दाखवले. राजमा, छोले आणि इतर कडधान्ये, दुधातील लॅक्टोज, आंबा आणि कलिंगड यांतील फ्रुक्टोज, फ्लॉवर, हे सगळे त्याच यादीत येतात. उपवासाचे कोडे येथे सुटते. कांदा-लसूण नसला, तरी उपवासाच्या नावाखाली ग्लासभर मसाला दूध, मूठभर खजूर आणि आंब्याच्या दिवसांत दोन आंबे पोटात जात असतील, तर एका दारातून घालवलेले दुसऱ्या दाराने आत आले. शेंगदाण्याच्या कुटाची तेलकट खिचडी जिवाणूंना फारशी खुपत नाही, पण तिच्यातील स्निग्धता आतड्याची आकुंचने वाढवते.

म्हणून काय करावे? सगळे सोडू नका. चार ते सहा आठवडे कांदा, लसूण, गहू, दूध आणि जड कडधान्ये बाजूला ठेवा. त्या काळात तांदूळ, ज्वारीची आणि नाचणीची भाकरी, बटाटा, गाजर, भेंडी, काकडी, अंडी, मासे, थोडी मुगाची डाळ असे खुशाल खा. लसणाची चव हवीच असेल, तर पाकळ्या तेलात परतून काढून टाका. फ्रुक्टान पाण्यात विरघळते, तेलात नाही, त्यामुळे वास तेलात उतरतो आणि त्रास पाकळीबरोबर जातो. पातीच्या कांद्याचा हिरवा भागही चालतो. बरे वाटले, तर एकेक पदार्थ तीन-तीन दिवस परत घेऊन पाहा. दुधाने काही झाले नाही, कांद्याने झाले, असे कळले की दूध परत सुरू करायचे. हा परत घेण्याचा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि वर्षानुवर्षे चार पदार्थांवर राहतात. त्यातून कॅल्शिअम कमी पडते, आतड्यातील चांगले जिवाणू उपाशी राहतात आणि जेवणाची भीती घट्ट होते. ही भीती आपल्या पत्रात दिसते, म्हणून शक्य असेल तर आहारतज्ज्ञांच्या मदतीने हे करावे.

पाळीत पोटाच्या तक्रारी वाढणे हे आयबीएसमध्ये नेहमीचे आहे. तरी पाळीचे दुखणे असह्य होत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या, कारण गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढण्याचा एन्डोमेट्रिओसिस हा विकारही असेच दुखणे देतो. आणि आपल्या आई किंवा सासूबाईंच्या वयाच्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाईंचे पोट प्रथमच आणि रोज फुगू लागले, तर ते वातावर न टाकता बीजाशयाची सोनोग्राफी करून घ्यावी.

प्रश्न : मी पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. वय २३, मेसचे जेवण. मागच्या पावसाळ्यात जोरात जुलाब-उलट्या झाल्या, दोन दिवस सलाइन लावले. त्यानंतर पोट कधीच पूर्ववत झाले नाही. रोज तीन-चार वेळा पातळ होते, आधी मुरडा येतो. शौच तपासणीत दोनदा ‘अमिबाच्या सिस्ट’ निघाल्या. मेट्रोनिडाझोलचे पाच कोर्स झाले. औषध चालू असताना थोडे बरे वाटते, पुन्हा तेच. अमिबा मरत कसा नाही?

उत्तर : पहिल्या कोर्सलाच तो मेला असावा, किंवा मुळात नसावाही. सूक्ष्मदर्शकाखाली आजार करणारा अमिबा आणि त्याचा निरुपद्रवी भाऊबंद, म्हणजे एन्टअमिबा डिस्पार, हुबेहूब सारखे दिसतात, आणि नुसत्या सिस्ट, म्हणजे अमिबाची कवचातली सुप्त रूपे, दिसल्या म्हणजे आजार त्यांच्यामुळेच आहे असे ठरत नाही. महाराष्ट्रात ‘जुना अमिबा’ या नावाखाली आयबीएसच्या असंख्य रुग्णांनी तोंडाची धातूसारखी चव सहन करत वर्षे काढली आहेत. मेट्रोनिडाझोल वारंवार घेतल्याने हातापायांच्या नसांनाही इजा होऊ शकते. सहावा कोर्स घेऊ नका.

आपल्या बाबतीत संसर्गानंतर सुरू झालेला आयबीएस अधिक संभवतो. पोटाच्या तीव्र संसर्गानंतर साधारण दहापैकी एकाला तो होतो. याचा सर्वांत नीट अभ्यास कॅनडातील वॉकरटन या गावात झाला. मे २००० मध्ये तेथील नळाच्या पाण्यात जिवाणू मिसळले, दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि सात जण दगावले. संशोधकांनी त्या गावकऱ्यांची पुढे अनेक वर्षे विचारपूस केली. दोन-तीन वर्षांनी, आजारी पडलेल्यांपैकी सुमारे २८ टक्के लोकांत आयबीएसची लक्षणे होती, तर आजारी न पडलेल्यांत ती सुमारे १० टक्क्यांत होती. आठ वर्षांनी पहिल्या गटातले प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवर उतरले. जंतू केव्हाच निघून गेलेले असतात, पण आतड्याच्या अस्तरातली बारीक सूज आणि हळव्या झालेल्या नसा मागे राहतात. हे आकडे आपल्याला मुद्दाम सांगितले, कारण त्यांत दिलासाही आहे : जवळजवळ निम्मे लोक हळूहळू बरे होतात.

मात्र निदान पक्के करण्याआधी चार साध्या तपासण्या करून घ्या : रक्ताची सर्वसाधारण तपासणी, थायरॉइड, सिलिअ‍ॅक रोगासाठी टीटीजी आणि शौचातील कॅलप्रोटेक्टिन. शेवटची तपासणी आतड्यात खरोखरचा दाह आहे की नाही ते सांगते आणि ती नॉर्मल आली, तर दुर्बिणीचा खर्च वाचतो. मोठ्या संसर्गानंतर काही काळ दूधही पचत नाही, म्हणून दोन आठवडे मेसमधले दूध-खीर सोडून पाहा, दही-ताक बहुधा चालते. आणि मेसचे पाणी न पिता आपली बाटली बरोबर ठेवा, कारण दुसरा संसर्ग झाला तर सगळे पहिल्यापासून सुरू होते.

प्रश्न : आयबीएसचे पुढे कर्करोगात रूपांतर होते का?

उत्तर : नाही. त्याने आयुष्यही घटत नाही. भारतीय गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी सोसायटीच्या २००८ सालच्या पाहणीत आपल्या देशात सुमारे चार टक्के लोकांना हा त्रास असल्याचे दिसले, म्हणजे आपण एकटे नाही. मात्र आयबीएस असलेल्या माणसाला इतर कोणताही आजार होऊ शकतो, म्हणून वर सांगितलेली एखादी खूण नव्याने दिसली, तर ‘जुनेच आहे’ म्हणून दुर्लक्ष करू नये.

प्रश्न : नागपूरहून लिहीत आहे, वय ४५. माझ्या आयबीएससाठी नवीन डॉक्टरांनी रात्री घेण्यासाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅमची गोळी दिली. औषध दुकानदार म्हणाला, ‘ही तर डिप्रेशनची आहे.’ मला काही मानसिक आजार नाही. डॉक्टरांनी माझ्या दुखण्यावर विश्वास ठेवला नाही का? त्यांना विचारायला संकोच वाटतो. आधीची गोळी मी सात वर्षे घेत होते, तिने झोपही छान लागायची.

उत्तर : उलट, त्यांनी आपल्या दुखण्यावर विश्वास ठेवला म्हणून ही गोळी दिली आहे. नैराश्यासाठी या औषधाची मात्रा बहुधा ७५ मिलिग्रॅम आणि त्याहून पुढे असते. दहा मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेत ते आतड्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या वेदनेच्या संदेशांचा आवाज कमी करते. २०२३ साली इंग्लंडमधील ४६३ रुग्णांच्या चाचणीत १० ते ३० मिलिग्रॅम मात्रेने सहा महिन्यांत आयबीएसची लक्षणे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा निश्चितपणे अधिक कमी झाली. परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतात, तोंड कोरडे पडते, सकाळी थोडी गुंगी राहते आणि आतड्याची गती मंदावते, त्यामुळे जुलाब प्रकारात ती विशेष उपयोगी पडते. आपल्याला काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांचा विकार किंवा लघवी अडण्याचा त्रास असेल, तर तेवढे डॉक्टरांना जरूर सांगा.

मला काळजी वाटते ती आधीच्या गोळीची. पोटाची म्हणून सर्रास दिल्या जाणाऱ्या एका जोडगोळीत क्लोरडायझेपॉक्साइड हे झोपेच्या औषधांच्या जातीचे द्रव्य असते. ते काही दिवसांपुरते ठीक असते, पण सात वर्षांत त्याची सवय लागते. आपल्या जुन्या पाकिटावर हे नाव असेल, तर ती गोळी एकदम बंद करू नका. डॉक्टरांना पाकीट दाखवा आणि त्यांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवा.

प्रश्न : इसबगोल घेतले की माझे पोट अधिकच फुगते. सवयही लागते म्हणतात. मग घ्यावे की नाही?

उत्तर : घ्यावे, पण आपण बहुधा पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे घेतले असावेत. गव्हाचा कोंडा आयबीएसमध्ये पोट फुगवतो. इसबगोलाचा तंतू मात्र पाण्यात फुगून मऊ लगदा होतो, त्यामुळे खडेही मऊ होतात आणि पातळ मळही बांधून येतो. रेचकासारखी त्याची सवय लागत नाही. अर्ध्या चहाच्या चमच्यापासून सुरुवात करा, दर चार-पाच दिवसांनी अर्धा चमचा वाढवा आणि दोन चमच्यांवर थांबा. ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्या, ठेवून दिले तर त्याची खळ होते. कोरडे तोंडात टाकून वरून घोटभर पाणी पिण्याची काही वडीलधाऱ्यांची रीत असते, ती सोडावी, कारण ते घशात अडकते. थायरॉइडची किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल, तर तिच्यात आणि इसबगोलात दोन तासांचे अंतर ठेवा.